नववा रकाना

चष्मेवाल्याच्या घरात सगळ्यात अधू नजर त्याच्या बापाची. साऱ्या वस्तीला बारीक अक्षर वाचता यावं म्हणून हा माणूस दिवसभर काचा घासायचा आणि घरी शहाऐंशी वर्षांचे बाबा ताटातली भाजी चाचपून खायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की मागची नस सुकत चालली आहे, नंबर बदलून उपयोग नाही, फार तर पाच-सहा महिने दिसेल. ते ऐकल्यापासून चष्मेवाला दुकानात कुणाशी धड बोलेना. बाबांनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर, बूट काढता काढता, एक काम सांगितलं.

"माझी आई गेली त्याची नोंद कुठेतरी असणार. ती शोधून काढ. मला ती माझ्या डोळ्यांनी बघायची आहे."

चष्मेवाला हातातला बूट धरून तसाच उभा राहिला. या बाईचा विषय त्याच्या जन्मापासून घरात कुणी काढलेला नव्हता. त्याला माहीत होतं ते एवढंच, की बाबा चार वर्षांचे असताना मोठी साथ आली. आजोबा पहिल्याच आठवड्यात गेले. आजी तेव्हा चोवीस-पंचविशीची. ती नदीपलीकडच्या छावणीत आजाऱ्यांचं आणि मेलेल्यांचं करायला गेली आणि परत आलीच नाही. मुलाला काकांनी वाढवलं. त्यांच्यासमोर वहिनीचा विषय निघाला, की ते जेवण अर्ध्यावर टाकून उठायचे. शेजारणी मात्र कुजबुजायच्या, की पोराला टाकून गेली, कुठेतरी सुखात असेल. चार वर्षांच्या पोराच्या कानावर हे पडत राहिलं आणि पोर सहा, दहा, वीस वर्षांचं होईपर्यंत पडतच राहिलं.

बाबांनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. "जगली असती तर आली असती. आली नाही, म्हणजे त्याच साथीत गेली. बाकी मला काही नको. तू फक्त तारीख शोध."

चष्मेवाल्याला यातली गोम लगेच कळली. तारीख साथीच्या वर्षातली निघाली, तर आईने टाकलं नाही, ती मेली. पुढच्या कुठल्या वर्षातली निघाली, तर म्हाताऱ्याने ब्याऐंशी वर्षं उराशी धरून ठेवलेली एकुलती एक गोष्ट खोटी ठरणार. आणि हे सगळं पाच महिन्यांत.

"तिची काही खूण?" त्याने विचारलं.

"चेहरा आठवत नाही रे," बाबा म्हणाले. "अंगठा आठवतो. उजव्या हाताचा. पत्र्याने कापलेला होता, नखाच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत तिरका. माझ्या डोळ्यात काही गेलं की त्याच अंगठ्याने पापणी वर करायची. तो व्रण गालाला लागायचा, खरखरीत."

जन्म-मृत्यूच्या नोंदींची कचेरी म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळघरातल्या तीन खोल्या. तिथे जुन्या नोंदवह्यांवर एका बाईंचं राज्य होतं. सगळे त्यांना नोंदबाई म्हणायचे. बुटक्या, पन्नाशीच्या, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. वही कुणी पालथी ठेवली, पान उलटताना बोटाला थुंकी लावली, तर सगळ्यांच्या देखत अशी हजेरी घ्यायच्या, की माणूस पुन्हा म्हणून यायचा नाही. चष्मेवाल्याने पहिल्याच शनिवारी त्यांच्या चष्म्याचा ढिला स्क्रू आपणहून घट्ट करून दिला, त्यामुळे त्याला खिडकीजवळचं टेबल मिळालं.

साथीच्या वर्षाच्या मृत्यूच्या वह्या सात निघाल्या. एकेक वही दोन हातांनी उचलावी लागे. प्रत्येक पानावर नऊ रकाने. क्रमांक, तारीख, मृताचं नाव, वय, कारण, पत्ता, पुरल्याची जागा, नोंदवणाऱ्या कारकुनाची सही आणि शेवटी खबर देणाऱ्याचं नाव व सही किंवा अंगठा. शाई फिकी पडलेली, अक्षर एकात एक घुसलेलं. चष्मेवाला कारागीर माणूस, त्याने घरी बसून एक युक्ती केली. जाड पुठ्ठ्याला एक उभी फट पाडली, बरोबर तिसऱ्या रकान्याएवढी. पुठ्ठा पानावर ठेवला, की फक्त मेलेल्यांची नावं दिसायची, बाकी सगळं झाकलेलं. डोळे शिणत नव्हते, नजर भरकटत नव्हती. स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला, की नोंदबाईंनाही त्याने तो पुठ्ठा दाखवला. त्यांनी नुसतं "हं" केलं.

तीन महिने प्रत्येक शनिवारी तो त्या फटीतून बघत राहिला. डोळ्यांत तेल घालून बघितलं. सातही वह्या झाल्या. आजी नव्हती. पुढच्या वर्षाच्या वह्याही झाल्या. त्यातही नव्हती. घरी गेलं, की बाबा दारातच विचारायचे, "काही?" आणि हा मान हलवायचा. मान हलवलेली आता बाबांना दिसत नाही, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. मग तो तोंडाने "नाही" म्हणू लागला.

तेराव्या शनिवारी नोंदबाई त्याच्या टेबलाशी आल्या. पानावरचा पुठ्ठा त्यांनी दोन बोटांनी उचलला आणि खालची कड दाखवली. तिथे शाईची भुकटी लागली होती.

"तुमचं यंत्र माझी पानं खरवडतंय," त्या म्हणाल्या. "उद्या इथे कुणी आपलं माणूस शोधत आलं, तर तुमच्या पुठ्ठ्याने त्याचं नाव पुसलेलं असायचं. आता नुसत्या डोळ्यांनी वाचा, चष्मेवाले. लोक तुमच्याकडे त्यासाठीच येतात ना?"

पुठ्ठा त्यांनी सरळ कपाटावर टाकला. चष्मेवाला ओशाळला. वही परत पहिल्यापासून उघडणं आलं. उघडली आणि पहिल्यांदाच त्याने अख्खं पान पाहिलं.

नवव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत अंगठे होते. पानावर पंधरा नोंदी आणि पंधराही एकाच अंगठ्याचे. त्याने खिशातलं भिंग काढलं. नखाच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत, रेषांना छेदत जाणारी, एक तिरकी पांढरी चीर. पहिल्या अंगठ्यात होती. दुसऱ्यात होती. त्याने पान उलटलं. तिथेही होती. शेजारी कारकुनाने आजोबांचं नाव घालून "यांची विधवा, राहणार छावणी" असं लिहिलेलं होतं.

तीन महिने तो तिला मेलेल्यांत शोधत होता आणि ती त्याच पानावर, पुठ्ठ्याच्या खाली, त्याच्या हाताखाली बसून होती. एकेक अंगठा मोजत तो सातही वह्या पुन्हा उलटू लागला.

त्या उन्हाळ्यात तिने तीनशे बारा मेलेल्यांची खबर दिली होती. माणूस गेला, की ती नदी ओलांडून कारकुनासमोर उभी राहत असणार. पण नुसती उभी राहिली नव्हती. ज्यांचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, अशांच्या नोंदी तो वाचू लागला. दुसऱ्या कुणी खबर दिलेल्या असतील, तिथे तिसऱ्या रकान्यात "अनोळखी" एवढंच आणि पुढे रेघ. आजीने दिलेल्या नोंदींत मात्र पुढच्या, पुठ्ठ्याने झाकलेल्या रकान्यांत रेघेऐवजी मजकूर होता. "अनोळखी पुरुष, डोळे घारे, झोपेत मोजत असे." "अनोळखी बाई, पायांत दोन वेगवेगळे जोडे, हसरी." "अनोळखी मूल, वय सुमारे सहा, लाकडी घोडा सोडत नव्हते, बरोबर पुरला." हे असलं लिहिणं कुठल्या कारकुनाच्या स्वभावात बसतं? तिने त्याला लिहायला भाग पाडलं असणार. जिला स्वतःला एक अक्षर काढता येत नव्हतं, ती बाई वहीसमोर ठाण मांडून सांगत होती, की रेघ मारू नका, हा माणूस होता.

"बाई," चष्मेवाल्याने हाक मारली. "जरा इकडे येता?"

नोंदबाई आल्या. त्यांनी वाचलं. बराच वेळ वाचलं. या वह्यांशेजारी त्यांनी तेवीस वर्षं काढली होती. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि कचेरीत कुणीही कधी न पाहिलेली गोष्ट केली, म्हणजे कामाच्या वेळेत बसल्या.

पुढचा शोध दोघांनी मिळून केला. साथ संपली, छावणी उठली, पण अंगठा संपला नाही. दोन वर्षांनी तो जन्माच्या वहीत निघाला. त्या पानाच्या समासात कारकुनाने बारीक अक्षरात टिपलं होतं, "खबर देणारीच्या पत्त्यात बदल. छावणीत काम केल्याने घरचे परत घेत नाहीत, मुलास भेटू देत नाहीत. सबब राहणार दाईघर." मग आजोबांचं नाव गळलं आणि नवव्या रकान्यात नुसतं "दाई" येऊ लागलं. कुणाच्या घरी बाळ जन्मलं, की दाई येऊन सांगणार आणि अंगठा करणार. वर्षामागून वर्षं. मेलेल्यांचं करून संपल्यावर बाई जन्मणाऱ्यांकडे वळली होती. नोंदबाई मोजत होत्या. दोन हजारांवर गेल्यावर त्यांनी मोजणं सोडून दिलं.

"माझे वडील," त्या एका पानावर बोट ठेवून म्हणाल्या.

शेवटी तिचा मृत्यूही मिळाला, साथीनंतर बत्तीस वर्षांनी. "दाई. वय सुमारे छप्पन." खबर देणारा एकच लागतो, पण त्या नोंदीच्या नवव्या रकान्यात सह्यांची आणि अंगठ्यांची खच्चून गर्दी होती. रकाना पुरला नाही म्हणून समासात, समास पुरला नाही म्हणून पानाच्या डोक्यावर. चाळीस बायका. नातं विचारलेल्या जागी कारकुनाने लिहिलं होतं, "प्रत्येकीचं म्हणणं, मुलगी." दफनाची वही पाहिली, तर जागा छावणीच्या जुन्या रांगेत, लाकडी घोडेवाल्या मुलाच्या शेजारी. "स्वतः सांगून ठेवल्याप्रमाणे," असा शेरा.

एखाद्याची छाती अभिमानाने फुगली असती. चष्मेवाल्याचीही फुगली आणि लगेच तोंडचं पाणी पळालं. बत्तीस वर्षं. दाईघर म्हणजे काकांच्या घरापासून दोन गल्ल्या. ती जगली होती. दोन हजार घरांत गेली होती. घरचे भेटू देत नव्हते हे खरं, पण काकाही पुढे वारले, मुलगा मोठा झाला, कमावता झाला, त्याचं लग्न झालं. तेव्हा तर दार अडवायला कुणी नव्हतं. जगली असती तर आली असती. आता हे म्हाताऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्याने सांगितलंच नाही. त्या शनिवारी "नाही" म्हणाला आणि पुढच्या शनिवारीही. बाबा आता खिडकी कुठे आहे ते उजेडावरून ओळखायचे आणि बाकी अंदाजाने. "असू दे," ते म्हणाले. "नसेलच नोंद. तेव्हा कोण लिहीत होतं?" कोण लिहीत होतं आणि कोण लिहवून घेत होतं हे सगळं चष्मेवाल्याला ठाऊक होतं.

तिसऱ्या शनिवारी तो वह्या परत करायचा अर्ज भरायला गेला. नोंदबाईंनी अर्ज घेतला आणि बाजूला ठेवून दिला.

"तुमचा जन्म कुठला? दवाखान्यातला?"

"नाही, घरचा."

"मग तुमच्या आईचं बाळंतपण कुणी केलं, हे बघावंसं नाही वाटलं? इतकं शिकून?"

स्वतःचा जन्म वहीत असतो, हे चष्मेवाल्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाई वही घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी पान आधीच शोधून खूण घालून ठेवली होती. त्याची तारीख. बाबांचं नाव, आईचं नाव. मूल मुलगा. वेळ सकाळची. आणि शेवटच्या रकान्यात, इतर कुठल्याही नोंदीपेक्षा जोर लावून उमटवलेला, तिरक्या चिरेचा अंगठा.

त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे. या जगात त्याला पहिला स्पर्श झाला तो याचा. एकोणसाठ वर्षं तो अंगावर घेऊन हिंडत होता आणि पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी कचेरी बंद असते. नोंदबाईंनी ती उघडली. बाबांना दोन्हीकडून धरून पायऱ्या उतरवाव्या लागल्या. खिडकीजवळ, उन्हाच्या तिरपेत, त्यांना बसवलं. चष्मेवाल्याने दुकानातलं सगळ्यात जाड भिंग आणलं होतं. सगळं त्याने क्रमाने सांगितलं, छावणी, तीनशे बारा, समासातला शेरा, दाईघर. बत्तीस वर्षं हेसुद्धा सांगितलं. ते सांगताना बाबांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं त्याला दिसलं. म्हातारा खुर्चीत अर्धा झाला.

"म्हणजे होती," बाबा म्हणाले. "होती आणि आली नाही."

"थांबा, बाबा. हे बघा आधी."

त्याने भिंग पानावर धरलं. बाबांनी मान वाकडी केली, कारण आता त्यांना डोळ्याच्या फक्त एका कोपऱ्यातून दिसत होतं. नाक पानाला टेकेपर्यंत ते खाली वाकले.

"हाच," बाबा हळूच म्हणाले. "हाच आहे. कुणाच्या नोंदीवरचा?"

"माझ्या."

मग बाबा सावकाश बोलू लागले, पानाकडे तोंड ठेवूनच.

"तुझ्या आईला पहाटे कळा सुरू झाल्या. शेजारच्या बाईने दाईला बोलावून आणलं. डोकं-बिकं गुंडाळलेलं, हातात बोचकं. मी बाहेर. उजाडल्यावर तिने तुला कपड्यात गुंडाळून आणून माझ्या हातात दिलं. मी तुझ्याकडे बघतोय आणि ही बाई तुझ्याकडे बघेचना. माझ्याकडेच बघत उभी. मला राग आला. मी म्हटलं, झालं ना तुमचं काम, मग या आता." ते थांबले. "असं म्हटलं मी तिला. या आता."

"तुम्हाला काय माहीत होतं, बाबा."

"ऐक ना. ती निघाली. उंबऱ्यापाशी वळली आणि म्हणाली, जेवत जा वेळेवर, किती वाळलायस. मी आत येऊन तुझ्या आईकडे कुरकुर केली, की ही कोण मला अरे-तुरे करणारी. बाळंतपण जवळ आलं होतं ना, आठवडाभर माझं खाण्यापिण्याकडे लक्षच नव्हतं, वाळलो होतो हे खरं. त्यानंतर मी ते विसरूनही गेलो."

बाबांनी पानावर चेहरा आणखी जवळ नेला. त्यांचा श्वास कागदाला लागत होता. नोंदबाईंना एरवी ते खपलं नसतं.

"पण वाळलायस म्हणायला," ते म्हणाले, "आठवड्यापूर्वी कसा दिसत होतो ते माहीत असायला लागतं ना रे?"

चष्मेवाल्याने भिंग खाली ठेवलं. "लागतं, बाबा," तो म्हणाला.

"म्हणजे ती बघत होती. रोज कुठूनतरी बघत होती." बाबा आता रडत होते, उघड, लहान मुलासारखं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "आई येत होती. मीच वळून पाहिलं नाही."